अज्ञानाची जमाबंदी

विद्यार्थ्याला काय येते हे शोधून काढण्याची व्यवस्था मनुष्याने फार पूर्वीच लावून ठेवली आहे आणि तिला परीक्षा असे म्हणतात. परंतु त्याला नेमके काय येत नाही, जे येत नाही ते कोणत्या पायरीपासून येईनासे झाले, आणि जे आज येते आहे असे वाटते ते पुढल्या सोमवारपर्यंत टिकण्याचा संभव कितपत, याचा खातेवार उतारा तयार करण्याचे काम आजवर कोणत्याही विद्यापीठाने अंगावर घेतले नव्हते, कारण ते घेतले असते तर एवढे दप्तर ठेवण्यासाठी प्रत्येक महाविद्यालयाला आपली जिमखान्याची इमारत रिकामी करून द्यावी लागली असती. अमेरिकेतील महाविद्यालयांनी हे काम आता संगणकाकडे सोपविले आहे. पहिल्या वर्षाच्या रसायन, भौतिकी, जीवशास्त्र आणि गणित यांच्या वर्गांतून, विद्यार्थ्याच्या प्रत्येक उत्तरावर नजर ठेवून त्याचा पुढला प्रश्न ठरविणाऱ्या आज्ञावली हल्ली मामलेदाराच्या रुबाबात वावरतात, आणि त्यांच्या कचेरीत अज्ञानाची मोजणी, आकारणी व वसुली ही तिन्ही खाती एकाच छपराखाली चालतात.

रसायनशास्त्र शिकविण्यात हयात घालवून पेन्शनीत निघालेला मनुष्य हिवाळ्यापुरता मुलीकडे अ‍ॅरिझोनात येऊन राहतो, तेव्हा त्याने सकाळी फिरावयास जावे, दुपारी निजावे आणि कोणाच्याही अभ्यासात लक्ष घालू नये, असा आमच्या घरचा संकेत आहे. नातवाच्या ‘जनरल केमिस्ट्री’ने तो संकेत मोडला. नातू इथल्याच एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. त्या महाविद्यालयाचे आणि तेथे नेमलेल्या आज्ञावलीचे नाव मी सांगत नाही. माझे दोघांशीही वैर नाही, आणि त्यांपैकी दुसरीला एव्हाना माझ्याविषयी काय काय ठाऊक झाले असेल याचा मला अंदाज नाही.

सत्र सुरू होताच पहिली गोष्ट झाली ती मोजणीची. पडद्यावर एकामागून एक पंचवीस-तीस प्रश्न आले. पण ते सर्वांना सारखे नव्हेत, तर आधीच्या उत्तराचा कल पाहून पुढला प्रश्न कधी वर चढे, कधी खाली उतरे. आमच्याकडील बहिःस्थ परीक्षकांची तोंडी परीक्षा ज्यांनी पाहिली आहे त्यांना या पद्धतीत अपूर्व असे काही वाटणार नाही. परमँगनेटमध्ये मँगॅनीजचा ऑक्सिडेशन नंबर किती, या प्रश्नाला उत्तर आले नाही म्हणजे परीक्षक मँगॅनीजच्या व्हॅलन्सीवर येत, तेथेही शांतता असली तर मँगॅनीज धातू की अधातू यावर, त्यानंतर ‘बाळ, कॉलेज कोणते?’ यावर, आणि त्याचेही उत्तर अडखळत आले म्हणजे अखेरचा प्रश्न ते शिपायाला उद्देशून, चहाविषयी विचारीत. तात्पर्य, उमेदवाराच्या कुवतीनुसार प्रश्न बदलण्याची कला आमच्या परीक्षकांना अवगत होती. फरक इतकाच की त्यांनी तिचे पेटंट घेतले नाही.

परंतु नातवाच्या खांद्यावरून पाहत असताना एक वस्तू मात्र मला सर्वस्वी नवी दिसली. प्रश्नाखाली उत्तराची चौकट होती, आणि त्या चौकटीशेजारी ‘मला हे येत नाही’ अशा अर्थाचे एक लहानसे बटण. अठरा वर्षांचा तो मुलगा, चेहऱ्यावरची रेषही न हलविता, जणू खिडकी उघडतो आहे इतक्या सहजपणे ते बटण दाबून पुढे जात होता.

“अरे, निदान प्रयत्न तरी करून बघ,” मला राहवले नाही.

“आजोबा, तुम्ही मध्ये नका ना बोलू. येत नसलं तर नाही म्हणायचं. उगाच ठोकून दिलं आणि चुकून बरोबर आलं, तर पुढे सगळे त्याच्यावरचेच प्रश्न येतात. मग आठवडाभर बोंबलत बसायचं.”

मी गप्प बसलो, कारण ज्या विद्येचा पाया आम्ही ‘ठोकून देणे’ या क्रियापदावर घातला होता, तिचे एका वाक्यात विसर्जन होताना मी पाहत होतो. प्रश्न कोरा सोडू नये, काहीतरी लिहावे, आकृती काढावी, आकृतीला नावे द्यावीत, नावांखाली पट्टीने रेघा माराव्यात, कारण पेपर तपासणाऱ्याच्या अंतःकरणात कोठेतरी अर्ध्या गुणाइतकी दया शिल्लक असतेच, हा उपदेश मी स्वतः परीक्षेच्या आदल्या दिवशी भर वर्गात केलेला आहे. न येणारी गोष्ट येत असल्याचा बहाणा करणे हे आमच्याकडे अप्रामाणिकपणाचे लक्षण कधीच मानले गेले नाही. ते परीक्षेच्या तंत्राचे अंग मानले जाई.

मोजणी आटोपल्यावर पडद्यावर एक नकाशा उमटला. विषयाचे बारीक बारीक तुकडे पाडून प्रत्येकाला एक चौकोन दिलेला: मोल, मोलर द्रव्यमान, समीकरणाचे संतुलन, मर्यादक अभिक्रियाकारक, वायूंचे नियम, अशी ती गावठाणाची आखणी. जे येते ते हिरवे, जे येत नाही ते करडे, आणि हिरव्याच्या बांधाला लागून असलेले, म्हणजे आज शिकण्याजोगे, तेवढे चौकोन उघडे, बाकीच्यांना कुलूप.

या कुलपांमागे एक देखणा सिद्धान्त आहे. ज्याँ-पॉल द्वान्यों आणि ज्याँ-क्लोद फाल्मान्य या दोन बेल्जियन विद्वानांनी तो १९८५ साली मांडला, आणि १९९०च्या दशकात अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यावर ‘अ‍ॅलेक्स’ नावाची आज्ञावली उभी राहिली, जी आजही हजारो वर्गांतून चालते. सिद्धान्त असा की एखाद्या विषयाचे दहा घटक धरले तर विद्यार्थ्याला त्यांपैकी कोणते येतात याचे गणिताने १०२४ प्रकार संभवतात. पण प्रत्यक्षात त्यांतले पुष्कळसे अस्तित्वात असूच शकत नाहीत, कारण ज्याला समीकरण संतुलित करता येते त्याला रेणुसूत्र लिहिता येत असलेच पाहिजे. अशक्य प्रकार वगळले म्हणजे उरलेल्यांतून विद्यार्थ्याचे नेमके ठिकाण थोडक्या प्रश्नांत हुडकता येते, आणि तेथून पुढे कोणती वाट खुली आहे हेही सांगता येते.

सिद्धान्त वाचून मी क्षणभर प्रसन्न झालो आणि मग मला माझे विद्यार्थी आठवले. या विद्वानांनी महाराष्ट्रातील अपेक्षित प्रश्नसंच पाहिलेले नव्हते. मर्यादक अभिक्रियाकारकाचे सहा गुणांचे उदाहरण आकड्यानिशी बिनचूक सोडवून, शेवटी उत्तराला दुहेरी चौकटही करणारा, पण सोडियम सल्फेटचे रेणुसूत्र विचारले असता छताकडे पाहणारा विद्यार्थी मी पाहिला आहे. एक नव्हे, बाकांच्या रांगाच्या रांगा पाहिल्या आहेत. बेल्जियन गणिताने जे प्रकार असंभवनीय म्हणून खारीज केले, नेमक्या त्याच प्रकारांत आमच्याकडील प्रथम श्रेणीची वस्ती होती. पाठांतराच्या बळावर मनुष्य पायऱ्यांवाचून माडीवर पोहोचू शकतो, आणि एकदा पोहोचला की खाली उतरण्याची गरज त्याला पदवीपर्यंत, क्वचित प्राध्यापकीपर्यंतही, भासत नाही. अशा मुलासमोर हे यंत्र बसविले असते तर माडीवरचा प्रश्न बरोबर आलेला पाहून त्याने खालचा सगळा मजला हिरवा रंगवून टाकला असता.

आता वसुलीचा प्रकार. एकदा हिरवा झालेला चौकोन कायमचा आपला, अशी जी आपली भाबडी समजूत असते ती या कचेरीत चालत नाही. मधूनमधून, कोणतीही पूर्वसूचना न देता, फेरतपासणीचे फर्मान सुटते. त्यात मागचे प्रश्न नव्या वेषात येतात, आणि ज्याचे उत्तर चुकले तो चौकोन, त्यावर आधारलेल्या आणखी दोन-चार चौकोनांसकट, पुन्हा करडा होतो. मंगळवारी जागरण करून कमावलेली जमीन शनिवारी सकाळी जप्त झालेली पाहणे हा अनुभव अठराव्या वर्षी कठीणच. मात्र येथे यंत्राची बाजू घेणे मला भाग आहे. विस्मरणाचा आलेख एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ सालीच छापून ठेवला होता. आपण शिकलेले बहुतेक पहिल्या काही दिवसांतच गळून जाते हे तेव्हापासून सर्वांना ठाऊक आहे, आणि तरीही जूनमध्ये शिकविलेले मार्चमध्ये विचारण्याचे धैर्य आम्ही परीक्षकांनी एका शतकाहून अधिक काळ दाखविले. यंत्र निदान शनिवारीच विचारते.

त्याची दुसरी खोड मात्र मला पटली नाही. अडीच ग्रॅम मीठ, नेमके २.५० ग्रॅम, म्हणजे किती मोल, असा साधा प्रश्न होता. सोडियम २२.९९, क्लोरीन ३५.४५, बेरीज ५८.४४, भागाकार केला, उत्तर ०.०४२८. नातवाने ते ०.०४३ असे लिहिले. रीत बरोबर, भागाकार बरोबर, केवळ सार्थ अंक तिनाऐवजी दोन ठेवले. एखाद्या शिक्षकाने येथे लाल शाईने एक टिंब काढले असते आणि पुढचा पेपर उचलला असता. यंत्राने उत्तर नामंजूर केले, पुन्हा तसाच प्रश्न घातला, पुन्हा नामंजूर केले, आणि मग या विद्यार्थ्याला मोल ही कल्पनाच समजलेली नाही असा निष्कर्ष काढून त्याची रवानगी अणुभाराच्या पहिल्या पाठाला केली, जेथे एक हसरी बाई सोडियम म्हणजे काय ते संथपणे समजावून सांगू लागली. मुलाचा संताप अनावर झाला. मलाही थोडा आला, परंतु माझ्या संतापाला एक जुना पदर होता. आमच्या प्रयोगशाळेत ब्युरेटची तीन वाचने १०.२, १०.२, १०.२ अशी येत आणि चौथ्या रकान्यात सी.बी.आर., म्हणजे ‘कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग’, १०.२ असे दिमाखाने लिहिले जाई. पहिले वाचन घेऊन झाल्यावर नळी उभ्या स्टँडला टांगून मुले क्रिकेटची धावसंख्या ऐकावयास गेलेली असत, आणि आम्ही त्या जर्नलवर ‘प्रमाणित’ म्हणून सही करीत असू. सार्थ अंकांविषयी एवढे सोवळे पाळणारे कोणी आम्हांला भेटले असते तर आमच्या विभागाला दुसऱ्या दिवशी टाळेच लागले असते.

चूक अज्ञानाची की नजरेची, हा भेद यंत्र जाणतच नाही असे नव्हे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील कॉर्बेट आणि अँडरसन यांनी १९९०च्या दशकात त्यासाठी एक हिशोब बसवून दिला. त्यात प्रत्येक घटकामागे चार आकडे असतात: विद्यार्थ्याला ते आधीच येत असण्याचा संभव, एका प्रयत्नात शिकण्याचा संभव, येत असूनही चुकण्याचा संभव, आणि येत नसूनही अंदाजाने जमण्याचा संभव. प्रत्येक उत्तरागणिक हा हिशोब नव्याने मांडला जातो, आणि येत असण्याचा संभव शेकडा ९५ झाला म्हणजे त्या घटकाचा दाखला मिळतो. हे चार आकडे पाहून मी मनोमन नमस्कार केला, कारण स्टाफरूममध्ये आम्ही विद्यार्थ्यांविषयी जे काही बोलत आलो ते सगळे या चारांत मावते. ‘हुशार आहे पण धांदरट’ हा तिसरा आकडा, ‘नशीब काढले बेट्याने’ हा चौथा. परंतु आम्हांला आणखी एक पाचवी गोष्ट ठाऊक असे, ती म्हणजे मागल्या बाकावरचा तो मुलगा रात्रपाळी करून आलेला आहे आणि त्याचा आजचा धांदरटपणा निजेचा आहे. त्या हिशोबात निजेचा रकाना नाही.

असल्या यंत्रांची वंशावळ बरीच जुनी आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातील सिडनी प्रेसी यांनी १९२०च्या दशकात चार कळांचे एक यंत्र केले. प्रश्न खिडकीत दिसे, आणि बरोबर कळ दाबली जाईपर्यंत यंत्र पुढे सरकत नसे. ठरावीक उत्तरे बरोबर आली की एक गोळी बाहेर टाकण्याची सोयही त्याला जोडलेली होती. १९३२ साली, शिक्षणाच्या धंद्यात नव्या अवजाराला गिऱ्हाईक मिळत नाही हे पाहून, त्यांनी तो नाद खेदपूर्वक सोडून दिल्याचे जाहीर केले. पुढे हार्वर्डचे बी. एफ. स्किनर, ज्यांनी महायुद्धात कबुतरांकडून क्षेपणास्त्र वळविण्याची योजना आखली होती, ते १९५३ साली आपल्या मुलीच्या शाळेत गणिताचा तास बघावयास गेले, तेथील शिकविणे पाहून अस्वस्थ झाले आणि यंत्राच्या मागे लागले. चूक होऊच नये इतक्या लहान पायऱ्या पाडाव्यात, हे त्यांचे सूत्र. त्याच सुमारास नॉर्मन क्राउडर या अमेरिकन हवाई दलाच्या प्रशिक्षणात काम केलेल्या गृहस्थांनी उलटा पक्ष घेतला: विद्यार्थ्याला चुकू द्यावे, आणि कोणती चूक केली त्यावरून त्याला वेगळ्या पानावर पाठवून ती चूक का झाली हे सांगावे. त्यांची पुस्तके सरळ वाचताच येत नसत, एका पानावरून दुसऱ्या भलत्याच पानावर उडी घ्यावी लागे. माझे मत क्राउडरच्या बाजूचे आहे. नातवाच्या यंत्राने त्याला पहिल्या पाठाला धाडले, पण का धाडले ते सांगितले नाही. एवढे सांगितले असते तर ती हसरी बाई वाचली असती.

मात्र या सर्व विद्वानांनी विद्यार्थी नावाच्या प्राण्याच्या एका शक्तीचा अंदाज कमी केला. यंत्र मुलाचा स्वभाव ओळखण्यास काही आठवडे घेते. मूल यंत्राचा स्वभाव दुपारच्या जेवणापर्यंत ओळखते. कोणती सूचना किती वेळा मागितली की शेवटी यंत्र कंटाळून स्वतःच उत्तर सांगते, चुकीचे उत्तर भराभर दिले की बरोबर उत्तर खाली छापून येते, आणि प्रश्नाचे आकडे बदलले तरी रीत तीच राहते, हे सारे वर्गाच्या सामायिक ज्ञानात पहिल्याच आठवड्यात जमा होते. रायन बेकर या संशोधकाने कार्नेगी मेलनमध्ये असताना २००४ साली या उद्योगाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला, आणि असे करणारी मुले कमी शिकतात, हा कोणाही मास्तराला न विचारता सांगता आला असता असा निष्कर्ष काढला. पुढे त्याने शाळकरी मुलांच्या गणितासाठी पडद्यावर ‘स्कूटर’ नावाचे एक कुत्र्याचे पिल्लू बसविले; मूल प्रामाणिकपणे काम करी तोवर ते आनंदात असे, आणि लबाडी करू लागले की त्याचा चेहरा पडे. आमच्या काळी हे काम पर्यवेक्षक करीत, आणि त्यांचा चेहरा पहिल्यापासूनच पडलेला असल्यामुळे तो सूचक ठरत नसे.

एमआयटीच्या भौतिकीच्या वर्गातली हकीकत तर आणखी मनोरम आहे. तेथील डेव्हिड प्रिचर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी संगणकावरील गृहपाठाची नोंद तपासली, तेव्हा काही उत्तरे प्रश्न वाचावयास लागेल त्याहूनही कमी वेळात, आणि तीही बरोबर, दाखल झालेली आढळली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नक्कल करणाऱ्यांची परीक्षेतील कामगिरी सत्रभर घसरत गेल्याचे दिसले. परंतु प्रश्न न वाचता उत्तर देण्याची ही सिद्धी पाहून आमच्या गाइडवाल्यांना स्वजन भेटल्याचा आनंद झाला असता.

या धंद्यात पैसा किती वाहिला हे सांगत बसत नाही. ‘न्यूटन’ नावाच्या कंपनीच्या संस्थापकाने आपली आज्ञावली म्हणजे मनातले ओळखणारा आकाशातला शिक्षक असल्याचे सांगितले होते. २०११ साली अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाने तिच्यावर गणिताचे वर्ग चालविले. २०१९ साली ‘वायली’ या प्रकाशन संस्थेने ती कंपनी विकत घेतली. शास्त्रज्ञ न्यूटनशी या कंपनीचा संबंध नाही, स्पेलिंगदेखील निराळे आहे. विद्यार्थ्याच्या खिशापुरते बोलायचे तर गृहपाठ दाखविण्यासाठीच येथे सत्रागणिक प्रवेश-क्रमांक विकत घ्यावा लागतो, आणि सत्र संपले की नकाशा, हिरवे चौकोन आणि सगळे दप्तर मुदतीबरोबर बंद होते. आमची वापरलेली पुस्तके निदान पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात अर्ध्या किमतीला जात.

इतके सगळे पाहून आणि ऐकून, पेन्शनीतल्या मनुष्याचे मत कोणी विचारीत नसतानाही ते देतो. नकाशा ठीक आहे, फेरतपासणी आवश्यक आहे, सार्थ अंकांची तालीम हवीच. पण या संपूर्ण यंत्रात अस्सल नवी वस्तू एकच, ती म्हणजे ते लहानसे बटण. वर्गात शे-सव्वाशे मुलांपुढे ‘समजले का?’ असे विचारले की ‘हो सर!’ असा जो एकमुखी घोष होई, तो ऐकत मी माझी सगळी नोकरी केली, आणि त्या घोषात एकट्याने ‘नाही’ म्हणण्याची हिंमत झालेला विद्यार्थी मला आठवत नाही. यंत्राला लाज नाही, म्हणून त्याच्यापुढे मुलाचीही लाज जाते. नातू ज्या निर्विकारपणे ते बटण दाबतो, तो मला कोणत्याही हिरव्या चौकोनाहून महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडील महाविद्यालयांत उद्या ही आज्ञावली घेण्याचा ठराव येईल, तेव्हा खरेदी समितीवर बसलेल्या माझ्या माजी सहकाऱ्यांना एवढीच विनंती: पिल्लू घ्या अगर न घ्या, ते बटण मात्र ठरावात नाव घालून मागून घ्या, आणि ते दाबणाऱ्याचे गुण कापणार नाही असे परिपत्रक त्याच दिवशी काढा. अनुदान मंजूर झाले नाही, तर वर्गाच्या दाराशी एक खोके ठेवा आणि ज्याला जे समजले नाही ते त्याने नाव न घालता चिठ्ठीवर लिहून त्यात टाकावे असे सांगा. पहिल्या आठवड्यात ‘मोल म्हणजे काय’ अशी चिठ्ठी हमखास निघेल, तेवढा तास पुन्हा घ्यावा. खोक्यासाठी निविदा मागवाव्या लागत नाहीत.